एक पाय रजेवर

सुनंदाताई गेल्याचं मला दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. या ग्रुपवर एरवी उद्या कुठल्या रंगाची साडी नेसायची, कोण उशिरा आलं, कुठल्या कपाटावर धूळ दिसली, एवढंच येतं. त्या दिवशी मी पार्ल्याला कॉलेजात होते. बाकाखाली फोन धरून मॅनेजरसरांचा मेसेज वाचला. "दुःखद बातमी. सुनंदाताई आज सकाळी वारल्या. दुकान वेळेवर उघडेल. काउंटर तीन कोण सांभाळणार ते लगेच कळवा." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मग रेश्माने लिहिलं, "मी बघते सर." सरांनी तिला अंगठा पाठवला. रेश्मावर माझा राग नाही, कुणीतरी बघायलाच हवं होतं. पण माणूस जाणं आणि काउंटर रिकामा होणं या दोन गोष्टी एकाच दमात सांगता येतात, हे मला त्या अंगठ्याकडे बघताना कळलं… आणि तेव्हापासून मला काहीतरी लिहायचं होतं. नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहायची सवय आहे ती परीक्षेपुरती.

मी घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहते. बाबा रिक्षा चालवतात. सकाळी कॉलेज करून दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत मी एका साड्यांच्या शोरूममध्ये काम करते. दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर माझी नोकरी जाईल हे एक कारण, आणि दुसरं असं की नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. बारावीनंतरच्या सुट्टीत लग्नसराईपुरती म्हणून लागले आणि राहिले. पहिल्या दिवशी मला काउंटर तीनवर सुनंदाताईंच्या हाताखाली दिलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की बाहेर रस्त्यावरचा फेरीवाला ओ देईल. मूळ गाव कणकवलीकडचं, पण जन्म परळच्या चाळीतला, त्यामुळे बोलणं सगळं मुंबईचं. राग आला किंवा लाड आला की मात्र मालवणी. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खाली बघितलं. मी मुलाखतीसाठी घेतलेल्या टाचेच्या सँडल घालून गेले होते.

"काय गो, लग्नाक इलंस काय?" त्या म्हणाल्या. "उद्या सपाट चप्पल आण. आणि एक नंबर मोठी घे. संध्याकाळी पाय फुगतो, तेव्हा कुठे जाशील?"

हा माझा नोकरीतला पहिला धडा. दुसरा धडा उभं राहण्याचा. गुडघे ताठ करायचे नाहीत, भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहायचा, आणि गिऱ्हाईक साडीत रमलं की काउंटरच्या कडेला पोट टेकून पाठीला थोडा आराम द्यायचा. तिसरा धडा पाण्याचा. बाथरूम वरच्या मजल्यावर, जायला सरांची परवानगी लागते, गर्दीच्या दिवसात ती मागायची सोय नाही. म्हणून जेवणानंतर घोट घोटच प्यायचं. ताईंनी हे सगळं मला हसत हसत, साड्यांच्या घड्या घालत शिकवलं. मीही हसत शिकले. हे धडे कुणाला शिकायला लागूच नयेत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, नोकरी म्हणजे हेच असतं.

साडी विकणं त्यांच्याकडून शिकावं तेवढं थोडं होतं, पण ते शिकवण्यासारखं नव्हतंच मुळी. ती त्यांच्या जिभेची करामत होती. एकदा मुलुंडहून एक बाई नणंदेला घेऊन आल्या. सगळं कपाट खाली काढायला लावलं आणि शेवटी एका राणी रंगाच्या साडीवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, रंग जाणार नाही ना?" मावशी म्हटलेलं ताईंना अजिबात आवडायचं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, नवरा रंग बदलेल, ही बदलणार नाही. गॅरंटी हिची देते, त्याची नाही." नणंद एवढी हसली की तिनेही एक घेतली. त्या गेल्यावर पसरलेल्या साड्यांचा डोंगर आवरताना ताई मला म्हणाल्या, "मावशी म्हणे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठीच असेल ती." मग काउंटरखाली पायाने काहीतरी चाचपलं आणि डावा पाय त्यावर टेकवला. मी वाकून बघितलं. खाली एक छोटा लाकडी पाट होता. एक कोपरा उडालेला, रंग गेलेला.

"एक पाय कामावर, एक पाय रजेवर," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाने ड्यूटी बदलते."

तो पाट त्यांच्या वडिलांचा. वडील गिरणीत मागावर होते. पाळीभर उभे राहायचे आणि घरी आल्यावर या पाटावर बसून जेवायचे. जेवण झालं तरी उठायचे नाहीत, भिंतीला टेकून तसेच बसून राहायचे. आईने ताट उचललं तरी बसलेले. गिरण्या बंद झाल्या, वडील गेले, खोली गेली, पाट राहिला. "बापूस कापड विणायला उभा, मी कापड विकायला उभी," ताई म्हणायच्या. "त्यांच्यात निदान संप तरी होत होता." बसायचा तो पाट, पण दुकानात ताई त्यावर कधी बसू शकल्या नाहीत. फक्त पाय ठेवायच्या. तेसुद्धा चोरून, कारण कॅमेरा होता. सर केबिनमध्ये पडद्यावर सगळ्या मजल्याचं चित्र बघत असायचे आणि काउंटरवरचा फोन वाजायचा. "काउंटर तीन, पाय खाली. नीट उभं राहा." ताई फोन कानाला लावून अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "सर, एक पाय रजेवर आहे." आणि पाय खाली घ्यायच्या. दोन गिऱ्हाइकं झाली की पुन्हा वर.

दुकान पूर्वीपासून असं नव्हतं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या लागल्या तेव्हा आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी होती. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर यायचं, विकणारा समोर मांडी घालून बसलेला. साडी उलगडायची तीही दोघांच्या मधे. म्हातारे शेठ स्वतः एका कोपऱ्यात तक्क्याला टेकलेले. "बायका निवांत बसायच्या गो, पोरांना मांडीवर घेऊन. मीसुद्धा बसायचे. कुणाला कधी वाटलं नाही की सुनंदा आळशी आहे." मग म्हातारे शेठ थकले, कारभार मुलाकडे आला, दुकानाचं शोरूम झालं. काच, दिवे, एसी. गादी निघाली. गिऱ्हाइकांसाठी लाल मखमलीच्या खुर्च्या आल्या. विकणाऱ्यांसाठी काहीच आलं नाही. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो… कारण बसणं हे तिथे होतंच. आम्ही नवीन काही मागत नव्हतो. दोघं बसलेले होते, त्यातल्या एकाला उठवलं आणि त्याला सुधारणा म्हटलं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला कॉलेजात एक निबंध लिहायला होता, कामातून मी काय शिकले या विषयावर. वर्गातल्या पुष्कळ जणांनी सुट्टीत एखाद्या ऑफिसात इंटर्नशिप केली होती. त्यांनी संवादकौशल्य लिहिलं, वेळेचं नियोजन लिहिलं. मी एक नंबर मोठ्या चपलेबद्दल लिहिलं, पाण्याच्या घोटाबद्दल लिहिलं. निबंध परत आला तेव्हा खाली शेरा होता, "प्रामाणिक आहे, पण सूर सकारात्मक ठेवावा." मी खूप वेळ विचार केला की यात सकारात्मक काय लिहावं. शेजारची मैत्रीण म्हणत होती, "यार, हे बाक किती कडक आहेत, पाठीची वाट लागली." मला त्या बाकावर बसलं की दिवसातलं पहिलं सुख लागायचं. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बस गो, बसून घे. माझ्या वाटचंही बस." त्याच सुमारास मी वाचलं होतं की दक्षिणेतल्या काही राज्यांत दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायला हवी असा कायदा झालाय. मी मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, "लिहिणाऱ्यांनी बसूनच लिहिलं असणार ना?" पण तो फोन त्यांनी मला लगेच परत दिला नाही. पुन्हा एकदा वाचलं.

आणि मग, मला वाटतं त्यामुळेच, त्यांनी मागितलं. दिवाळीच्या आधी छोटे शेठ सगळ्या स्टाफला एकत्र बोलावतात. कोणत्या साड्या पुढे करायच्या, हसायचं कसं, हे सांगतात. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं विचारतात आणि कुणी काही विचारत नाही. त्या वर्षी ताईंनी हात वर केला. त्यांच्या पायांची तोपर्यंत वाईट अवस्था होती. पोटऱ्यांवर शिरांचं निळं जाळं, घोट्याजवळ एक जखम जी भरायची आणि परत फुटायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार वेळ उभं राहू नका. ताई म्हणाल्या, "शेठ, प्रत्येक काउंटरमागे एकेक स्टूल द्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टेकू. गिऱ्हाईक आलं की उभ्या राहू."

छोटे शेठ चिडले नाहीत. अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, "ताई, तुम्ही सीनियर आहात, समजून घ्या ना. कस्टमर आत आला आणि स्टाफ बसलेला दिसला की त्याला वाटतं, हे दुकान चालत नाही."

"मग तुम्ही गल्ल्यावर बसता तेव्हा काय वाटतं त्याला?"

सगळे हसले. मीही हसले. शेठसुद्धा हसले थोडेसे. दुसऱ्या दिवशी सरांनी ताईंना काउंटर तीनवरून काढून दारात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार म्हणायचं आणि कुठल्या काउंटरला जायचं ते सांगायचं. "तुमचा आवाज छान आहे," सर म्हणाले. दारात पोट टेकायला काउंटर नव्हता. पाट ठेवायला आडोसा नव्हता. एसीचा गार झोत पाठीवर आणि रस्त्याची धूळ तोंडावर. ती सगळी लग्नसराई त्या तिथे उभ्या होत्या. मी काउंटरमागून बघायचे. त्यांचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जायचा, पुन्हा पहिल्यावर. जेवणाच्या सुट्टीत गोदामात त्या साड्यांच्या गठ्ठ्यावर पाय वर करून आडव्या व्हायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "आज किती जणांना नमस्कार घातला माहीत आहे? देवळात एवढा घातला असता तर देव स्वतः स्टूल घेऊन आला असता."

मी म्हटलं, "ताई, सोडा ना ही नोकरी."

"आणि जाऊ खंय? शेजारच्या दुकानात? तिथे काय झोपाळा लावलाय?"

डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी सरांना दाखवली. सर म्हणाले, रजा घ्या, बरं वाटलं की या, फक्त पगार नाही मिळणार. त्यांची मुलगी नीता तेव्हा नर्सिंगचा कोर्स करत होती आणि घर ताईंवर चालत होतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. लग्नसराई संपल्यावर त्यांना परत काउंटर तीन मिळाला. पाट परत काउंटरखाली आला. पण चालताना त्या आता पाय ओढायच्या, आणि विनोद केल्यावर स्वतः हसायच्या नाहीत.

आमची शेवटची भेट अगदी साधी झाली. दुकान बंद झाल्यावर आम्ही मेट्रोच्या पुलाखालून चालत होतो. मला डोंगराकडे वळायचं होतं, त्यांना असल्फ्याला जायचं होतं. त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी?" मी सांगितलं. म्हणाल्या, "पास झालीस की बसायची नोकरी बघ. पगार कमी असला तरी चालेल. बसायची बघ." मग त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या, दम लागला होता म्हणून. मी शेजारी बसले. त्या वेळी मला एवढंच वाटलं की दुकानाबाहेर आम्ही दोघी पहिल्यांदाच शेजारी बसलोय. काही दिवसांनी सकाळी कामावर निघताना, केसांत पिन खोचता खोचता, त्या आरशासमोर कोसळल्या. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी नीताला सांगितलं.

मी डॉक्टर नाही. दुकानामुळे त्या गेल्या असं मी लिहू शकत नाही, आणि कुणी विचारलं तर सिद्धही करू शकणार नाही. माणसं घरात बसून असली तरी आजारी पडतात. पण ज्या बाईला फार वेळ उभं राहू नका असं सांगितलं होतं, तिला सगळ्यात जास्त उभं राहावं लागेल अशी जागा शोधून दिली गेली, आणि ती कशासाठी दिली गेली हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. एवढं मी लिहू शकते.

चार-पाच दिवसांनी दुकान उघडण्याआधी शोकसभा झाली. नीताला बोलावलं होतं. छोटे शेठ बोलले की ताई आमच्या कुटुंबातल्याच होत्या, दुकानाचा आवाज होत्या, त्यांची उणीव भरून निघणार नाही. ताईंचा मोठा केलेला फोटो होता, झेंडूचा हार घातलेला. आणि तो फोटो कशावर ठेवावा हा प्रश्न आला असणार, म्हणून कुणीतरी गिऱ्हाइकांची एक लाल मखमलीची खुर्ची ओढून मधोमध ठेवली होती. तिच्यावर फोटो. आम्ही सगळ्या रांगेत उभ्या. नीता माझ्या शेजारी उभी होती, तिलाही कुणी बस म्हटलं नव्हतं. ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आई जिवंत असताना हिच्यावर एकदा तरी बसली होती काय गं?"

मी नाही अशी मान हलवली. दोन मिनिटं शांतता पाळली, आणि ती संपता संपता अर्ध्या उघड्या शटरबाहेर एक बाई येऊन उभी राहिली. सरांनी घाईघाईने फोटो उचलून गल्ल्याजवळच्या देवाच्या फळीखाली टेकवला. खुर्चीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या फडक्याने झटकल्या. खुर्ची परत रांगेत गेली. शटर वर झालं, आणि ती बाई आत येऊन त्याच खुर्चीवर बसली. तिची काहीच चूक नव्हती. तिला पैठणी बघायची होती. मी तिला पैठणी दाखवली. हसलेसुद्धा, कारण हसणं हा चौथा धडा आहे आणि तो आता माझ्या तोंडाला आपोआप येतो.

नीता ताईंच्या वस्तू घ्यायला थांबली होती. डबा, घरी जायच्या चपला, एक स्वेटर. काउंटरखालून तिने पाट काढला, हाताने पुसला आणि पिशवीत घालायला गेली. पिशवीत तो मावेना. मी म्हटलं, "राहू दे ना इथे. चालेल तुला?" मला स्वतःलाच कळत नव्हतं मी काय मागतेय. तो तिच्या आजोबांचा पाट. ती म्हणाली, "आजोबा त्यावर बसायचे." मग वाकून तिने तो होता तिथेच सरकवला.

स्टुलाचं आम्ही परत विचारलंय. या वेळी एकटीने नाही, काउंटरवरच्या सगळ्या मुलींनी मिळून. रेश्मा सगळ्यात पुढे होती. सर म्हणाले, बघू. अजून बघतायत. मला काही महिन्यांत पदवी मिळेल, मग मी कदाचित बसायची नोकरी बघेन, ताईंनी सांगितलं होतं तशी. पण माझ्या जागी जी येईल ती टाचेच्या सँडल घालून येईल, आणि तिला मी सांगितलं पाहिजे की एक नंबर मोठी घे… हे मला पटत नाही. तिला हे सांगायची वेळच का यावी?

रेश्मा तिच्या काउंटरवर परत गेलीय, आता काउंटर तीनवर मी असते. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी घड्या घालत होते आणि पोटऱ्यांत गोळे आले होते. पायाने काउंटरखाली चाचपलं. उडालेला कोपरा लागला, मग सपाट लाकूड. डावा पाय ठेवला. फोन वाजला.

"काउंटर तीन, पाय खाली. नीट उभं राहा."

माझा आवाज ताईंसारखा नाही. "सर, एक पाय रजेवर आहे," मी म्हणाले. मी फोन खाली ठेवला. पाय ठेवला होता तिथेच राहू दिला.